नव्वद उजव्या बाह्या

सोमवार, ६ तारीख

सात आठवड्यांनी आज कामावर गेले आणि दारातच पहिलं खोटं बोलले. इस्त्रीवाल्याने विचारलं, "ऑपरेशन कसं झालं?" मी कमरेवर हात ठेवला आणि म्हटलं, "झालं एकदाचं."

ऑपरेशन झालेलंच नाही. चार आठवडे मी अशा इस्पितळात होते जिथे माणसाच्या गोळ्या सोडवतात, आणि तीन आठवडे घरी, वन्संच्या पहाऱ्यात. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरले, पाठ धरली, डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या. पाठ सहा महिन्यांत सुटली, गोळ्या सुटल्या नाहीत. पण त्याला व्यसन म्हणायला मी तयार नाही. व्यसन म्हणजे दारू, गटारात पडणं, बायकोला मारणं. मी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घेत होते. शेवटी शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलेलं नव्हतं, पण ती निराळी गोष्ट.

इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, रोज लिहा, कोणाला दाखवू नका. दाखवणार कोणाला? घरात आधीच एक जेलर आहे.

कारखाना आहे तसाच आहे. आम्ही गणवेश शिवतो: नर्सबाईंचे, ड्रायव्हरांचे, पहारेकऱ्यांचे. मी कापते. कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तरीणबाई. चाळीस फुटी टेबल, आणि त्यावर माझा शब्द शेवटचा. पण आज मालक पंख्याकडे बघत म्हणाले, "काही दिवस नुसती आखणी करा. कापायचं मशीन दुसरा चालवेल. पाठ आहे ना तुमची." मी म्हटलं, बरं. ते मला काढायच्या बेतात आहेत, हे न कळायला मी दूधखुळी नाही.

पाय एका जागी राहत नाहीत. दिवसभर टेबलाखाली डावा पाय हलत होता, कोणी पाहिलं नसावं.

मंगळवार, ७

वन्सं मला कारखान्यापर्यंत सोडायला आल्या. "भाजी आणायचीच आहे," म्हणाल्या. हातात पिशवी नव्हती. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, त्यामुळे स्वतः कमी बोलतात आणि ऐकतात सगळं. औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात आहे. साधं डोकं दुखलं तरी मला हात पसरावा लागतो.

संध्याकाळी कारखान्यातून बाहेर पडले तर समोरच्या बाकावर बसलेल्या. "भाजी मिळाली नाही," म्हणाल्या. सकाळपासून शोधत होत्या वाटतं.

गुरुवार, ९

बैठकीला गेले. दर गुरुवारी असते, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. प्लॅस्टिकच्या अकरा खुर्च्या, एक माठ, एक घड्याळ जे दहा मिनिटं पुढे आहे आणि सगळ्यांना ते माहीत आहे. जो तो उठून सांगतो, मी इतकी वर्षं प्यायलो, अमुक विकलं, तमुक मोडलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी पाठीसाठी आले आहे."

कोणी हसलं नाही. शेजारी एक निवृत्त गणिताचे शिक्षक बसतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते नंतर जिन्यात म्हणाले, "आमची बाटली, तुमची गोळी. सोन्याची सुरी असली म्हणून कोणी पोटात खुपसून घेतं का?"

मी म्हटलं, "माझं तुमच्यासारखं नाही."

"मीही पहिल्या वर्षी हेच म्हणायचो," गुरुजी म्हणाले. "तेव्हा मी फक्त झोपेसाठी प्यायचो."

आगाऊ माणूस. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या कोपऱ्यात बसेन.

शुक्रवार, १०

इस्त्रीवाला आज माझ्या टेबलाशी आला. त्याच्या बायकोची पाठ गेली आहे, तीन महिने अंथरुणात आहे. "तुमच्या डॉक्टरांचं नाव सांगा ना. तुम्ही बघा कशा ताठ उभ्या राहता." आता काय सांगणार? तोंडाला येईल ते नाव सांगितलं, नदीपलीकडच्या कुठल्याशा दवाखान्यातल्या डॉक्टरांचं. त्याने इस्त्रीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि दोन वेळा आभार मानले.

एक खोटं लपवायला दुसरं, असं आई म्हणायची. तिला तरी कुठे माहीत होतं की दुसरं इतक्या लवकर लागतं.

झोप तुटकी आहे. पाय गादीवर सायकल चालवतात. संध्याकाळी घरी आले की कपाटं आवरते. भांड्यांचं कपाट तीनदा आवरून झालं, आता वन्सं म्हणतात, मला काही सापडेनासं झालंय.

शनिवार, ११

मावशीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती रोज समोर दिसते.

मावशी म्हणजे आमच्याकडची काज-बटणवाली. खिडकीशी बसते, पांढऱ्या कोटांना बटणं लावते, मान वर करत नाही. वर्षापूर्वीपर्यंत ती थर लावायची. कापड एकावर एक पसरून थर रचायचे, मग मी वर नमुना ठेवून सगळं एकदम कापते. आमच्याकडे थर तोंडाला तोंड लावायची पद्धत आहे: एक सुलटा, त्यावर एक उलटा. मग एकाच नमुन्याने कापलं तरी निम्म्या बाह्या उजव्या निघतात, निम्म्या डाव्या. सगळे थर सुलटे लावले असतील तर नमुना एकदा सरळ आणि एकदा पालथा ठेवून कापावं लागतं. नाहीतर बाह्या सगळ्या एकाच हाताच्या.

गेल्या वर्षी पंचेचाळीस पावसाळी कोटांचं काम आलं. अंग निळं, बाह्या पिवळ्या. पहिल्याच कोटाला शिवणवाली म्हणाली, डावी बाही कुठाय? ढिगारा उपसला. नव्वदच्या नव्वद बाह्या उजव्या. मावशीने सगळे थर सुलटे लावून ठेवले होते, आणि मी नेहमीसारखं कापलं. मालक भडकले. त्यांना कापड विकत घेता येतं, कापता येत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, थर चुकले. मावशी हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना?" मी म्हटलं, "मी कशाला असं म्हणेन? आपल्याकडे तोंडाला तोंडच लावतात." दुसऱ्या दिवसापासून ती बटणांवर.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. चूक तिची, आणि तोंड फिरवायचं तिनेच.

सोमवार, १३

आजच लिहून ठेवते.

तेच पावसाळी कोटांचं काम पुन्हा आलं. तेच गिऱ्हाईक, तेच पिवळं कापड. थर लावायला आता लांबू आहे, पूर्वी गोदामात होता, काम समजून घेऊन करतो. मी त्याला चिठ्ठी लिहून दिली: "सगळे थर सुलटे." विचारही केला नाही. या कापडाला एका बाजूने रबराचा लेप आहे, लेपाला लेप लागला की थर एकमेकांना चिकटतात. हे कापड तोंडाला तोंड लावताच येत नाही. शिकाऊ माणसालाही कळेल.

मग नमुना काढायला खुंटीवरची जुनी गुंडाळी उतरवली. आत गेल्या वर्षीची चिठ्ठी होती. माझं अक्षर. "सगळे थर सुलटे."

मी ती चिठ्ठी किती वेळ बघत होते कोण जाणे. लांबूने दोनदा हाक मारली. मला ती लिहिल्याचं आठवत नाही. त्या महिन्यातलं मला फारसं काहीच आठवत नाही. दिवसाला नऊ-दहा गोळ्या चालल्या होत्या.

चिठ्ठी पोलक्यात घालून घरी आणली.

मंगळवार, १४

असंही असू शकतं की ती चिठ्ठी दुसऱ्याच कामाची असेल.

असंही असू शकतं की मावशीने चिठ्ठी वाचलीच नाही आणि तिचं तिने लावलं. तसं असेल तर चूक दोघींची.

आणि वर्ष झालं. ती खिडकीशी उजेडात बसते, बसायचं काम आहे, उभं राहून कंबर मोडत नाही. तिचं भलंच झालं म्हणायचं. मी आता उकरून काढलं तर मालक विचारतील, तुमच्यासारखी बाई असली चूक कशी करेल? मग गोळ्या निघतील. गोळ्या निघाल्या की ऑपरेशन निघेल. इतकी वर्षं पायावर उभं राहून मिळवलेलं टेबल जाईल. या वयात मला दुसरं कोण ठेवणार, आणि गोळ्या खाणारीच्या हातात कोण पातं देणार?

आमचे हे संध्याकाळी विचारत होते, काही झालं का? ते बेकरीची गाडी चालवतात, पहाटे तीनला उठतात, तरी जागे बसले होते. मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "कारखान्यात कोणी काही बोललं तर मला सांग." कोण कशाला बोलेल? कोणाला काय माहीत आहे?

बुधवार, १५

दुपारच्या सुट्टीत मावशीजवळ गेले. मुद्दामच चुकूनमाकून गेल्यासारखी. बटणांचे डबे बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "मावशी, ते गेल्या वर्षीचे कोट. तुम्हाला आठवतं का, थर कसे लावायचे ते कोणी सांगितलं होतं?"

तिने सुई खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "कशाला आता ते, बाई? माझंच चुकलं होतं. मला वाटलं होतं तुम्ही सांगितलंत, पण तुम्ही कशाला सांगाल? माझ्या डोक्यात काहीतरी भलतंच आलं असणार."

मला एकदम हलकं वाटलं. बघा, ती स्वतःच म्हणतेय! तिच्या तोंडूनच निघालं. दहा मिनिटं मी अगदी मजेत आखणी केली, लांबूशी थट्टाही केली.

मग पाय सुरू झाले, मग हात, मग जबडा. मालकांना म्हटलं, पाठ दुखते, लवकर जाते. वन्सं बाकावर यायला अजून दोन तास होते. मी तीन थांबे लांबच्या औषधाच्या दुकानात गेले, जिथे मला कोणी ओळखत नाही, आणि पर्समध्ये राहिलेला डॉक्टरांचा जुना कागद पुढे केला.

दोन घेतल्या. नळावर, ओंजळीतून.

गुरुवार, १६

काल लिहिलेलं खोडायला घेतलं होतं. राहू दे.

काल घरी आल्यावर मी फार गोड वागत होते म्हणे. सासूबाईंच्या फोटोला हार घालायचा तसा चेहरा करून स्वयंपाक केला. वन्संनी जेवताना एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. आज सकाळी हे कामावर गेल्यावर त्या माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. काही बोलल्या नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्याच्याने बसवेना. उठून पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उजेडाकडे धरली. "दोन कमी आहेत."

"हो."

"आज?"

"काल. आज नाही."

"बरं." पट्टी पदराला बांधली. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं की मी दारात बसले तर पुरेल. माझंच कुठेतरी कमी पडलं."

मला इतका राग आला. त्यांचं काय कमी पडलं? दहा दिवस ही बाई माझ्यासाठी भाजीवाल्यांना न भेटता भाजीला जाते! मी ओरडले की गोळ्या मी घेतल्या, बस पकडून गेले, तुमचा काय संबंध. त्या म्हणाल्या, "मग ते आज संध्याकाळी त्या खोलीत सांग."

गेले. वन्सं खाली वाचनालयात बसल्या. माझी पाळी आल्यावर उठले आणि म्हटलं, आज पहिला दिवस आहे. मग एकदम बाह्यांचंही सांगून टाकलं, चिठ्ठीचं, मावशीचं, सगळं. वाटलं होतं की कोणी मान हलवेल, म्हणेल, तुमची चूक नाही, आजारच तसा. गुरुजी म्हणाले, "पहिले दिवस माझे अकरा झालेत, त्याचं काही नाही. पण बाह्यांचं आम्हाला सांगून काय उपयोग? आम्ही कुठे कोट शिवतो?"

रागावून खाली उतरले. वन्सं उलटं धरलेलं वर्तमानपत्र वाचत होत्या.

शुक्रवार, १७

आज सांगायचं म्हणून गेले होते. मावशीकडे तीनदा गेले आणि तीनदा परत आले. एकदा तर जाऊन तिच्याकडून सुई मागितली. मास्तरीणबाईला सुई कशाला हवी? तिने दिली.

मग चारच्या चहाला इस्त्रीवाला आला. काल रजा घेऊन बायकोला नदीपलीकडे नेलं होतं. दोन बस बदलून, तिला पाठीशी उशी लावून. तिथे त्या नावाचा डॉक्टर नाही. कधी नव्हता. आसपासचे चार दवाखाने विचारले. परत येताना बायको बसमध्ये रडली. त्याने खिशातून तो इस्त्रीचा पुठ्ठा काढला आणि माझ्यासमोर धरला. "बाई, मीच नाव नीट लिहून घेतलं नसणार. पुन्हा एकदा सांगता?"

मावशी म्हणते माझ्या डोक्यात भलतंच आलं, वन्सं म्हणतात माझंच कमी पडलं, हा म्हणतो मी नीट लिहिलं नाही. मी जिथे जिथे खोटं सोडलं तिथे तिथे कोणीतरी ते उचलून स्वतःच्या गळ्यात घातलंय. आणि मी दोन वर्षं समजत होते की माझं दुखणं मी एकटी सोसतेय, कोणाला तोशीस लागू देत नाहीये.

त्याला म्हटलं, उद्या सांगते. अजून एक दिवस. भित्री ती भित्रीच.

शनिवार, १८

सांगितलं.

सकाळी, मशीनं सुरू व्हायच्या आधी. सगळे होते: मालक, चार शिवणवाल्या, इस्त्रीवाला, लांबू, खिडकीशी मावशी. मी टेबलाला धरून उभी राहिले, कारण पाय ऐकत नव्हते. म्हटलं, माझं ऑपरेशन झालेलं नाही. मला वेदनेच्या गोळ्यांचं व्यसन आहे, ते सोडवायला मी इस्पितळात होते. हा शब्द मी आज पहिल्यांदा वापरला आणि छत कोसळलं नाही. इस्त्रीवाल्याला म्हटलं, तो डॉक्टर नाहीच, मी नाव बनवलं होतं. तो इस्त्रीकडे वळला.

मालक म्हणाले, "गोळ्यांचं मला माहीत आहे. तुमच्या यांनी पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं. हात स्थिर होईपर्यंत मशीन देऊ नका, असं तेच म्हणाले."

एका शिवणवालीने मान हलवली. म्हणजे तिलाही ठाऊक. बारा दिवस मी कमरेवर हात ठेवून चालत होते आणि अर्धा कारखाना माझी कीव करत होता. जमीन दुभंगावी असं वाटलं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, सगळे दोन शब्द बरे बोलले असते आणि मी नाक पुसत कामाला लागले असते.

पण चिठ्ठी हातात होती. मी ती मालकांपुढे ठेवली. म्हटलं, गेल्या वर्षीच्या बाह्या मी चुकवल्या. थर सुलटेच लावायचे होते, मीच सांगितलं होतं, आणि नमुना पालथा ठेवायला मी विसरले. मावशीची काही चूक नव्हती.

हे कोणालाच माहीत नव्हतं.

मालकांनी चिठ्ठी वाचली. इतकी लहान चिठ्ठी वाचायला माणसाला किती वेळ लागावा. "म्हणजे मी त्या बाईला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो," ते म्हणाले. "वर्षभर तिला तिथे बसवलं." मला काढतील असं वाटलं. ते म्हणाले, "आता तुमचं काय करायचं ते मावशी सांगेल. मला विचारू नका."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. मावशीने बटणांच्या डब्याचं झाकण लावलं, चप्पल घातली आणि घरी निघून गेली.

सोमवार, २०

मावशी आली नाही. इस्त्रीवाला बोलत नाही. मी माझ्या बाजूचे कोट स्वतः त्याच्याकडे नेऊन ठेवले, त्याने घेतले.

यांना विचारलं, मालकांना सांगितलंत आणि मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तू इतक्या हौसेने ऑपरेशन सांगत होतीस." मग म्हणाले, "आणि मला भीती वाटायची की माहीत आहे असं म्हटलं तर तू परत..." वाक्य पुरं केलं नाही. मला वाटायचं की यांचा माझ्यावर विश्वास नाही एवढंच. हा माणूस रोज गाडी चालवताना माझी भीती बरोबर घेऊन फिरत होता.

गोळी हवी आहे. आत्ता, या ओळीला हवी आहे. वन्संना तसं सांगितलं. त्यांनी मला वाटाणे सोलायला दिले. चार किलो.

बुधवार, २२

मावशी आली. बटणांवरच बसली. दुपारी मी पाणी प्यायला गेले तेव्हा माझ्यामागे आली.

"बाई, माझ्या घरी शिवणयंत्र होतं," ती म्हणाली. "माहेरहून आणलेलं. मुलींचे सगळे कपडे मी घरी शिवले. त्या बाह्यांनंतर मी ते जावेला देऊन टाकलं. म्हटलं, जिला सुलटं-उलटं कळत नाही तिने कापडाला हात लावू नये."

मी काहीतरी बोलायला गेले.

"थांबा. धाकटीच्या लग्नाचे कपडे बाहेरून शिवून घेतले. ती म्हणाली, आई, तूच शीव. मी म्हटलं, माझं डोकं आता ठिकाणावर नसतं. तेव्हापासून घरात सगळे तसंच धरून चालतात. गॅस बंद केला का ते मी केल्यावर दुसरं कोणीतरी जाऊन बघतं. मीही उठून बघते."

मला बसावंसं वाटलं, पण तिथे बसायला काही नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, मला माफ करा असं म्हणायची माझी लायकी नाही."

"ते राहू दे," मावशी म्हणाली. "इथे कारखान्यात सांगितलंत, ते कारखान्याचं झालं. माझ्या जावेला कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणेल, आता हे नवीन काय डोक्यात आलं हिच्या. रविवारी माझ्याबरोबर चला. तिच्यासमोर सांगा."

अनोळखी घरात, अनोळखी माणसांसमोर. मी हो म्हटलं आणि नंतर तीन तास पाय थांबले नाहीत.

गुरुवार, २३

आठवा दिवस. बैठकीत पाठीचं नाव काढलं नाही. गुरुजींच्या शेजारीच बसले. रविवारचं सांगितलं तर म्हणाले, "घाबरला आहात?" म्हटलं, हो. "मग ठीक. घाबरला नसतात तर मला काळजी वाटली असती."

इस्त्रीवाल्याच्या बायकोसाठी वन्संनी त्यांच्या ओळखीच्या, खऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पुठ्ठ्यावर नाव मी लिहून दिलं. त्याने ते वाचलं आणि विचारलं, "हा आहे ना नक्की?" मी म्हटलं, आहे, फोन करून बघ. त्याने माझ्यासमोरच फोन केला. करणारच.

रविवार, २६

यांनी बेकरीची गाडी आणली. पुढे मावशी, मागे रिकाम्या क्रेटांमध्ये मी आणि वन्सं. वन्संना कोणी बोलावलं नव्हतं. "भाजी?" मी विचारलं. "नाही," म्हणाल्या, "आज तुझ्याबरोबर."

मावशीची जाऊ दुसऱ्या मजल्यावर राहते. दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती. यंत्र खिडकीशी, आजूबाजूला उशांच्या खोळी रचलेल्या. त्यावर ती काम घेते. तिचे यजमान होते, मुलगा होता, सून होती. मला वाटलं होतं की बसल्यावर, पाणी पिऊन, हळूहळू विषय काढीन. मावशी उंबऱ्यातच थांबली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणून मी दारात उभ्या उभ्याच सांगितलं.

"मी यांच्या कारखान्यात कापते. मला गोळ्यांचं व्यसन आहे. गेल्या वर्षी नव्वद बाह्या मी चुकीच्या कापल्या आणि नाव यांचं घेतलं. यांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. तेव्हाही होतं."

यजमानांनी दूरदर्शनचा आवाज बंद केला. जावेने मोजपट्टी गळ्यातून काढली, दोन बोटांवर गुंडाळली, पुन्हा सोडली. "आम्ही तर वैनींना डॉक्टरकडे नेणार होतो," ती म्हणाली. "विसरण्याच्या." मग मला म्हणाली, "किती गोळ्या?"

"दिवसाला नऊ-दहा."

"आणि आता?"

"आज अकरावा दिवस आहे."

ती मला बस म्हणाली नाही. स्टुलावरून उठली आणि मावशीला म्हणाली, "वैनी, यंत्र घेऊन जा. मी दुसरं बघेन."

मावशी आत गेली. यंत्रावरून हात फिरवला, चाक थोडं मागे-पुढे केलं. एक अर्धी शिवलेली खोळ तिथे होती, ती उचलली, उजेडात धरली, दोन्ही बाजू पाहिल्या. मग बसली आणि उरलेली शिवण घातली. सरळ, एका दमात. तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "राहू दे तुझ्याकडेच. तुझं काम चालू आहे. मी रविवारी येऊन बसत जाईन."

मी जिना उतरले. वाटलं, झालं एकदाचं. आता घरी जावं, पडावं, कोणी दोन शब्द बोलू नयेत. यांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. मावशी पुढच्या सीटवर बसली, पदर नीट केला, पट्टा लावला.

"आता धाकटीकडे," ती यांना म्हणाली. "मग माझ्या बहिणीकडे. अजून दोन घरं आहेत."

यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वन्संनी क्रेट सरकवून मला जागा करून दिली, आणि गाडी निघाली.